जास्तीची सफाई

४ फेब्रुवारी

आई,

पोचले. काल फोन केला होता, पण तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" एवढंच विचारत राहिलात आणि मी "मी! तुमची सून!" असं इतकं ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं दार उघडून बघायला आली. त्यांना वाटलं, आल्या आल्या हिनं घरी भांडण काढलं. तेव्हा आता पत्रच बरं. तुमचे कान तुमच्यापाशी, माझा घसा माझ्यापाशी.

खोली स्टोअरच्या वर आहे. एक लोखंडी खाट, एक टेबल (त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा), एक खिडकी, आणि खिडकीतून थेट कारखान्याचं धुराडं. इथं पांढरा दगड दळून त्याची पावडर करतात, रंगात घालायला. ती पावडर सगळीकडे. वसाहतीतल्या बायका कपडे घरातच वाळत घालतात. मी फिल्टर बसवणाऱ्या कंपनीची म्हटल्यावर खाली स्टोअरशेजारी राहणाऱ्या काकूंनी नाव नाही, गाव नाही, सरळ एक चादर माझ्या हातात दिली. "आज धुतली आहे ही," म्हणाल्या. झटकली तर मलाच शिंका आल्या.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलंत, तिथं जाऊन नक्की करणार काय, आणि मी घाईत "हवा साफ करणार" म्हणाले. त्यावर तुम्ही जे तोंड केलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. तर ऐका. एका मोठ्या लोखंडी खोलीत कापडाच्या लांबलचक पिशव्या टांगलेल्या असतात, एकेक माझ्या दुप्पट उंच. चक्कीतली धुळीची हवा पंखा ओढून घेतो, धूळ पिशव्यांच्या बाहेरून चिकटते, हवा तेवढी आत जाऊन वर धुराड्यातून निघते. पण कापड बुजत जातं. म्हणून आत्तापर्यंत दर पाळीला चक्की बंद करून माणसं काठ्या घेऊन आत शिरायची आणि गालिचा झोडपावा तसं पिशव्यांना झोडपायची. बाहेर आली की कोण कोण ते बायकोलाही ओळखू येऊ नये. आम्ही आता आपोआप साफ होणारा फिल्टर बसवतोय. पिशव्यांच्या वर नळ्या, नळ्यांतून दाबलेल्या हवेचा एक फटकारा, फट्! पिशवी फुगते, धूळ खाली पडते. चक्की थांबत नाही, माणूस आत जात नाही.

तुमच्या लेकाचं, भोप्याचंच काम हे. तो बाहेरगावी हेच बसवत हिंडायचा आणि मी वर्कशॉपमध्ये बसून विजेची पॅनेल तपासायचे. तो गेल्यावर कंपनीनं मला विचारलं, मी हो म्हटलं. इथले पॅनेलवाले काका त्याच्याबरोबर काम केलेले आहेत. "तुझा नवरा शिट्टी वाजवत वायरी जोडायचा, आणि सूर एकही धड लागायचा नाही," म्हणाले. मी खूप हसले. मग नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

एक सांगायचं राहिलं. निघताना आमच्या खोलीतून माझी मोठी बॅग घ्यायची होती. दार लोटलं, दाराआड त्याचं जॅकेट, कोपऱ्यात त्याची खाट, फळीवर त्याचे पान्हे. पाय आत पडेना. म्हणून लहान पिशवीत बसेल तेवढंच घेऊन निघाले. दीड वर्ष झालं तरी त्या खोलीत शिरायचं म्हटलं की छातीत कसंतरी होतं. तुम्हाला नीट सांगूनही आले नाही. रागावलात?

मे अखेर काम संपेल. मग घरी.

तुमची सून

१३ फेब्रुवारी

सूनबाई,

रागावले होते. तुझं पत्र आल्यावर राग उतरला. पुन्हा दारातून नुसती "येते हं" म्हणून पळालीस तर मात्र खैर नाही, सांगून ठेवते.

अगं, हवा साफ करायला माणसं पगार घेतात हे मला खरंच वाटत नव्हतं. आता पटलं. शेजारणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, आमच्या घरात बसवतील का एक, नवऱ्याच्या विड्या आहेत. मी म्हटलं, त्यापेक्षा नवऱ्यालाच टांग.

माझं बरं चाललंय. गुडघे आहेत तिथंच आहेत. चहा दोन कपांचा टाकते अजून, सवय जात नाही. मग दुसरा कप गार करून मीच पिते. घर खायला उठतं गं. तू असतानाही आपण काही फार बोलायचो असं नाही, पण तू स्वयंपाकघरात भांडी आपटायचीस ते बरं वाटायचं. आता भांडी मीच आपटून बघते. तो आवाज येत नाही.

परवा माझा भाचा येऊन गेला. त्याची बायको, पोरं, सगळे एका खोलीत राहतात. सगळं घर फिरून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, केवढी जागा आहे तुमच्याकडे!" जाताना तुझी चौकशी केली हो, नाही असं नाही.

मी जरा आवराआवर काढली आहे. बाकी काही नाही. वेळ जायला हवा ना.

डोक्याला फडकं बांधत जा. केसांत ती पावडर गेली तर निघायची नाही.

आई

२६ फेब्रुवारी

आई,

फडकं बांधते. तरी रोज दिवस संपला की मी तुमच्याहून म्हातारी दिसते.

नळ्या बसल्या. जुन्या पिशव्या काढून नव्या चढवल्या. त्या चढवायला नाकी नऊ आले; पिशवीच्या आत तारेचा पिंजरा सरकवायचा असतो, आणि तो मध्येच अडकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पॅनेलवाले काका वर उभे राहून "हळू, हळू, सासरी पाठवतोय असं समज" म्हणतात. मी म्हटलं, काका, माझी सासू बरी आहे, हा पिंजरा नाही.

पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या हवेत दाबाचा किती फरक आहे ते दाखवणारा एक काटा असतो. पिशव्या बुजल्या की काटा चढतो, साफ झाल्या की उतरतो. इथले मोठे साहेब दिवसातून चारदा येऊन तो काटा बघतात. आम्ही अजून चक्की सुरूही केलेली नाही, तरी बघतात.

आवराआवर कसली काढलीत? स्टुलावर चढू नका. वरचं काही काढायचं असलं तर शेजारणीच्या नवऱ्याला बोलवा, विडी बाहेर टाकून ये म्हणावं.

भाच्याचं काय म्हणणं होतं नेमकं?

तुमची सून

८ मार्च

सूनबाई,

भाच्याचं काय असायचं. त्याला खाट हवी होती. दिली. भोप्याची. पडून होती नुसती. सकाळी हातगाडी घेऊन आला आणि घेऊन गेला. खोली एकदम मोठी दिसायला लागली बघ, उजेड किती येतो आता!

फळीवरचे पान्हे, पकडी, ते तेलकट डबे, सगळं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला दिलं. वापरेल तरी. फळी खरवडून तिला हिरवा रंग लावून घेतला. भिंतींनाही लावला, जरा फिकट. रंगारी विचारत होता, "आजी, कुणी नवीन राहायला येणार का?" मी म्हटलं, येणार तर! तू बघशील तर ओळखायची नाहीस.

कपड्यांचं कपाटही काढलं. चांगले होते ते देऊन टाकले, फाटके होते त्यांची पुसणी केली. शेजारीण मदतीला होती. ती म्हणाली, तुमची कमाल आहे, मला नसतं जमलं. मी म्हटलं, न जमायला काय झालं, मनावर घेतलं की होतं सगळं.

तुझं काम कुठवर आलं? मे अखेर म्हणजे मे अखेरच ना?

आई

१७ मार्च

आई,

तुमचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. खाट गेली, पान्हे गेले, कपडे गेले. तुमचं घर आहे, तुम्हाला हवं तसं करायचा तुमचा हक्कच आहे. भाच्याला जागेची अडचण आहे हेही खरं. राहायला येणार असतील तर येऊ देत. मला आधी नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, एवढंच.

इथं चक्की सुरू झाली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. काटा अगदी तळाला, म्हणजे पिशव्या लख्ख. साहेब खूश. आणि बाहेर बघते तर प्रत्येक फटकाऱ्याबरोबर धुराड्यातून पांढरा भपकारा! साहेब म्हणाले, "साफ नीट होत नसेल, जास्त वेळा फटके मारा." मारले. भपकारे वाढले. आणखी मारले. आता धुराडं चिलीम ओढल्यासारखं सारखं फक् फक् करतंय. खालच्या काकूंनी मुद्दाम एक काळी साडी बाहेर टांगली होती. तासाभरात आत आणली आणि माझ्याकडे न बघता घडी करत बसल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी मला कायम राहायचं विचारलं आहे. फिल्टर सांभाळायला, दोन वर्षांचा करार, राहायला वसाहतीत घर. महिनाअखेर उत्तर हवंय. मी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, घाई करू नका, विचार करा.

आई, एक मागते. दाराआडचं ते जॅकेट तेवढं राहू द्या. ते कुणाला देऊ नका आणि धुऊ नका. त्याच्या कॉलरला अजून त्याचा वास आहे. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्ही भाजी आणायला गेलात की मी दार लावून त्यात तोंड घालून उभी राहायचे. फार दिवस जमलं नव्हतं ते, आता इथं आल्यावर सारखं वाटतं, एकदा जाऊन उभं राहावं. एवढं एक ठेवा माझ्यासाठी.

तुमची सून

१८ मार्च

सूनबाई,

हे पत्र पार्सलाबरोबर पाठवते आहे, म्हणजे तुला उघडताना काय आहे ते कळेल. भोप्याचं जॅकेट आहे. तिथं गार वारं येत असेल, खिडकी थेट कारखान्यावर उघडते म्हणालीस ना. म्हटलं, इथं दाराआड लटकून कुणाला कामाचं?

दोनदा भिजवलं. कॉलर तर ब्रशनं घासली, काय ते तेल आणि घाम, पाणी काळं निघालं. एक बटण सैल होतं, टाकून दिलं आणि सगळीच नवीन लावली. इस्त्री केली. आता कुणाचं होतं हेसुद्धा कळणार नाही, तू खुशाल घाल. बाह्या दुमडून घे.

दाराआड आता काही नाही. खुंटीही काढली.

आई

३० मार्च

आई,

पार्सल मिळालं.

साहेबांना मी काल हो म्हणून सांगितलं. करारावर सही केली. दोन वर्षं. वसाहतीतलं घर पुढच्या महिन्यात मिळेल.

तुम्ही भाच्याला खुशाल राहायला बोलवा. घर तयारच आहे, रंग लागलेला आहे. तुम्हालाही सोबत होईल. माझी मोठी बॅग तिथं असेल तर असू द्या, नसेल तरी हरकत नाही.

तब्येतीला जपा.

सून

७ एप्रिल

पोरी,

हे पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग काय करायचं ते कर.

तुझं सतरा तारखेचं पत्र मला पार्सल टाकून आल्यावर तिसऱ्या दिवशी मिळालं. वाचलं आणि मी शेजारणीला हाका मारल्या. शेजारीण पोस्टात धावली, पार्सल परत मिळतं का बघायला. ते केव्हाच निघून गेलं होतं. मग मी रोज पत्र लिहायला बसायचे आणि रोज "सूनबाई" लिहून पेन खाली ठेवायचे. पुढे काय लिहू? चुकलं, एवढं लिहिलं तर तू म्हणशील, म्हातारी सुटली. तेवढ्यात तुझं हे चार ओळींचं आलं.

भाच्याचं काय घेऊन बसलीस? भाचा येणार नाही. भाच्याला बोलावलंच नाही कधी. रंगाऱ्याला मी "येणार तर" म्हटलं ते तुझ्याबद्दल. तुझ्याबद्दल, अगं वेडे! तूच लिहिलं होतंस की त्या खोलीत पाय पडत नाही, खाट दिसते, जॅकेट दिसतं, पान्हे दिसतात, छातीत होतं. मी ते पत्र शेजारणीला वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ गाळली, पण माझ्या डोक्यातून गेली नाही. मला वाटलं, पोरगी यामुळे पळाली. हे सगळं इथं आहे तोवर ही पुन्हा यायची नाही. मग मी ठरवलं, तू लिहिलंस तसं एकेक काढायचं. खाट, मग फळी, मग जॅकेट. तू यायच्या आत घर असं करायचं की तुला दारात थांबावं लागू नये.

मला काय हौस होती? खाट हातगाडीवर चढवताना मी भाच्याला म्हणाले, सावकाश ने रे. तो हसला, मावशी, लाकूड आहे, दुखत नाही. सायकलवाला पान्हे वाजवत घेऊन गेला तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडला. जॅकेट भिजवायच्या आधी मीही कॉलरला नाक लावलं होतं, तुला काय वाटलं, तुलाच एकटीला माहीत होतं ते? मी नऊ महिने पोटात वागवलं आहे त्याला. पण म्हटलं, मेलेल्याचा वास ठेवायचा की जिवंत माणूस घरी आणायचं? मी तुला निवडलं गं. आणि तुलाच घालवलं.

आता घर इतकं स्वच्छ आहे की बोलले तर आवाज घुमतो. त्याचं काही म्हणजे काही नाही. पुसणीसुद्धा शेजारणीनं नेली. मी खोल्यांतून हिंडते आणि मला माझा मुलगा कुठंच सापडत नाही, आणि सूनही नाही.

करार मोडता येतो का? कमीपणा वाटत असेल तर मी साहेबांना लिहीन. म्हातारीचं ऐकतात लोक.

तुझी आई

१६ एप्रिल

आई,

काल तुमचं पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि सुट्टी संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. पॅनेलवाले काका शोधत आले. माझं तोंड बघून त्यांनी चहा आणून ठेवला आणि वर जाऊन एकटेच काम करत बसले.

मी काय केलं ते सांगते. पार्सल आलं तेव्हा मी पत्रही वाचलं नाही. जॅकेट आहे हे हाताला कळलं. खोलीत जाऊन कडी लावली, आणि तोंड खुपसलं. साबण. आई, नुसता साबण. मी आत शोधलं, खिशात, बाह्यांत, अस्तराखाली. सगळीकडे साबण. मग मला वाटलं, यांना तो नकोच आहे आता, आणि तो नको म्हणजे मी तरी कशाला हवी. त्या रागात मी साहेबांच्या खोलीत गेले. तुम्ही खोली माझ्यासाठी रिकामी करताय हे माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. छातीत होतं म्हणून लिहिलं, पण ते होणं मला हवं होतं हे लिहायचं राहिलं. तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर खाट तिथंच असती.

करार मोडता येत नाही. मी विचारलं. साहेब वाईट नाहीत, पण त्यांनी माझ्या भरवशावर दुसऱ्या कंपनीला नकार दिलेला आहे. सही माझी आहे, कुणी हात धरून करवली नाही.

फिल्टरचं कोडं मात्र सुटलं. ऐका, तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल. नव्या पिशव्यांचं कापड एकटं धूळ अडवू शकत नाही, त्याची छिद्रं मोठी असतात. धूळ अडवते ती धूळच. कापडावर धुळीचा पातळ थर बसावा लागतो, दुधावर साय धरते तसा, आणि मग त्या थरातून हवा गाळली जाते. आम्ही काटा तळाला ठेवायच्या नादात थर धरूच देत नव्हतो. जरा बसला की फट्, उडवून द्यायचा. पिशव्या लख्ख, आणि सगळी पावडर धुराड्यातून लोकांच्या अंगावर. हे मी वर्कशॉपमध्ये शिकलेली होते हो! साहेब डोक्यावर उभे म्हणून विसरले म्हणा, किंवा मलाही तो काटा खाली बघायला आवडत होता म्हणा.

मग फटकारे बंद ठेवून थर बसू दिला. काटा वर चढत होता आणि साहेब घाम पुसत होते. आता असं लावलंय की काटा एका खुणेपर्यंत चढला की मगच फटकारे सुरू होतात आणि थोडा उतरला की थांबतात. सगळी धूळ काढायचीच नाही. धुराड्यातून आता काही दिसत नाही. खालच्या काकूंनी काळी साडी दिवसभर बाहेर ठेवली, संध्याकाळी दोन्ही हातांनी ताणून उजेडात बघितली, आणि वसाहतीतल्या सगळ्या बायकांनी दोऱ्या बाहेर आणल्या. इतके कपडे एकदम मी कधी बघितले नव्हते. काकूंनी मला मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावर रडले ते त्यांना आनंदाचं वाटलं.

आई, तुम्ही घर आवरत होतात तेव्हाच मीही इथं तेच करत होते. आपण दोघी एकाच वर्गात नापास झालो.

आता काय करायचं मला कळत नाही. दोन वर्षं तुम्ही तिथं एकट्या आणि मी इथं एकटी. मला तुमची फार आठवण येते. त्याची येते तशीच येते. हे मी तोंडावर कधी बोलले नसते, कागदावर जमलं.

तुमची सून

२५ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं नाही. माझ्याचसाठी ठेवलं.

साय आणि दूध कळलं मला. काटा नाही कळला, आल्यावर दाखव.

हो, आल्यावर. मी येते तिकडं. ओरडू नकोस, आधी ऐक. कालपासून मी घरात उभी राहून विचार करते आहे की मी इथं का आहे. त्याच्या वस्तू होत्या तेव्हा त्या सांभाळायला होते. आता काय सांभाळू, हिरवी फळी? तुला घरी आणायला मी घर रिकामं केलं, तू तर आली नाहीस, पण आता मलाच निघायला सोपं झालं. एक ट्रंक आणि मी. कुलूप लावायला दोन मिनिटं लागतील. भाच्याला राहायला दिलं घर. आधी तू उगाच त्याच्यावर संशय घेतलास, आता खरं करून टाकलं. खाट त्याची त्याच्याबरोबर परत येईल, येऊ दे.

लोक म्हणतील, मुलगा गेल्यावर म्हातारी सुनेच्या मागे गेली. म्हणू देत. मी सुनेच्याच मागे चालले आहे, खोटं काय आहे त्यात?

आता अटी. जिना नको, गुडघे. मोरी घरातच हवी. स्वयंपाक मी करणार, भांडी तू घासायची आणि आपटायची. सकाळचा चहा दोन कपांचा. आणि मला एकटीला दिवसभर ठेवून तू तुझ्या पिशव्यांत रमलीस तर मी कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसेन.

मला भीती वाटते गं. एवढ्या लांब मी कधी गेले नाही. आणि तुझ्यासमोर बसल्यावर काय बोलायचं हेही मला माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात होतो तरी तो मध्ये असायचा, तोच बोलायचा. तू नको म्हणालीस तरी मला राग येणार नाही. येईल, पण दाखवणार नाही.

आई

४ मे

आई,

या. या. या.

घर मिळालं. तळमजला. मोरी आत आहे, आणि मागच्या बाजूला एक पायरी, तिच्यावर बसून समोरच्या दोऱ्यांवरचे कपडे दिसतात. दोन खाटा टाकल्या. पॅनेलवाल्या काकांनी दिवे लावले; तुमच्या खाटेजवळचं बटण खाली घेतलं आहे, उठावं लागणार नाही. खालच्या काकू आता माझ्या शेजारच्या काकू झाल्या. त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय, तेव्हा आधीच घाबरून आहेत. एकोणीस तारखेच्या गाडीनं या; त्या दिवशी मी सुट्टी घेतली आहे, गाडीच्या दाराशीच उभी असेन. तुम्ही सामान उचलू नका.

काय बोलायचं याची भीती मलाही वाटत होती. मग काल रिकाम्या घरात बसले होते आणि कळलं. आई, मला तो फार थोडी वर्षं मिळाला, आणि तोही आयता, मिशीसकट. तो शिट्टी कधी शिकला, पहिल्यांदा पडला कुठं, शाळेत रडला का, भोप्या नाव कुणी ठेवलं, मला काहीच माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, वाटलं होतं, आहे की वेळ. त्याआधीचा सगळा तो तुमच्याकडे आहे. माझ्याकडचाही थोडा आहे, तुम्हाला माहीत नसलेला, तो मी देईन.

तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगा. काही गाळू नका, घाईही करू नका. दोन वर्षं मी कुठंही जात नाही.

तुमची सून